उत्तर बरोबर येतं, मग गुणधर्माचं नाव कशाला लिहायचं?

पत्र थोडक्यात असं आहे. एका आईने लिहिलंय, मुलगा सातवीत आहे, तोंडी हिशोबात एकदम पटाईत. बीजगणित सुरू झाल्यापासून मात्र वहीत लाल रेघा वाढल्यात. ‘(क्ष + ७) + ५ ला सोपं रूप द्या आणि प्रत्येक पायरीला कोणता गुणधर्म वापरला ते लिहा’ असा प्रश्न असला की तो सरळ क्ष + १२ लिहून मोकळा होतो, अर्धे मार्क जातात. कधी नाव लिहिलंच तर साहचर्याच्या जागी क्रमनिरपेक्षता लिहितो. विचारलं की म्हणतो, “हे तर कुणालाही कळतं, त्याला नाव कशाला?” बाबांचं म्हणणं पाठ कर आणि मार्क घे, विषय संपला. आईला मात्र मनातून मुलाचंच पटतं, पण तसं बोलायची सोय नाही. शाळेत जाऊन बोलू, पाठ करून घेऊ, की सोडून देऊ, असं तिने विचारलंय. आणि जाता जाता एक ओळ, की हल्ली २० − (क्ष − ५) सारख्या गणितात तो १५ − क्ष असं काहीतरी लिहून येतो, पण तो निव्वळ निष्काळजीपणा आहे, त्याचं नंतर बघू.

तर ताई, तुमची ती जाता जाता लिहिलेली ओळ मी दोनदा वाचली, कारण मला वाटतं तुमच्या सगळ्या पत्राचं उत्तर तिथेच आहे. तुम्ही दोन वेगळ्या तक्रारी लिहिल्यात, एक नाव न लिहिण्याची आणि दुसरी वजाबाकीतल्या चुकांची, पण माझ्या मते ही एकच गोष्ट आहे. तिथपर्यंत जायला जरा वेळ लागेल, म्हणजे आधी त्या साहचर्याकडे नीट बघायला लागेल.

पहिली गोष्ट, तुमच्या मुलाला हा गुणधर्म येत नाही असं अजिबात नाही. त्याला ९८ + ४७ विचारा. तो बहुतेक डोळे मिटायच्या आत १४५ म्हणेल. मग विचारा की कसं केलंस. ४७ मधले २ काढून ९८ ला दिले, शंभर झाले, उरले ४५. म्हणजे त्याने मनात ९८ + (२ + ४५) असं मांडलं आणि मग कंस उचलून पलीकडे ठेवला, (९८ + २) + ४५. एकही संख्या जागेवरून हलली नाही, फक्त २ ने सोबत बदलली, आधी ती ४५ बरोबर होती आता ९८ बरोबर गेली. हाच साहचर्य गुणधर्म, पूर्णच्या पूर्ण. (क + ख) + ग आणि क + (ख + ग) सारखंच, एवढंच तो म्हणतो. तुमचा मुलगा हे बहुतेक कित्येक वर्षं करतोय, त्याला कुणी सांगितलंच नाही की तू जे करतोस त्याला नाव आहे.

मग त्याचं ‘कुणालाही कळतं’ हे बरोबरच झालं की. थोडं थांबा.

आकड्यांच्या गणितात हा गुणधर्म सोयीचा असतो, नसता वापरला तरी चाललं असतं. (८ + ७) + ५ दिलं तर आधी कंस सोडवा, १५, मग ५ मिळवा, २०. आपल्याला सगळ्यांना हेच शिकवलेलं असतं, आधी कंस. आता ८ च्या जागी क्ष ठेवा. (क्ष + ७) + ५. आधी कंस सोडवायला जा बघू. क्ष + ७ किती? माहीतच नाही, क्ष कळेपर्यंत ते तसंच राहणार. म्हणजे लहानपणापासून पाळलेला नियम इथे पहिल्यांदाच अडतो आणि पुढे जायचा रस्ता एकच उरतो, तो म्हणजे कंस हलवायचा, क्ष + (७ + ५), आता आतली बेरीज करता येते, क्ष + १२. तुमचा मुलगा ही उडी मनातल्या मनात मारतो आणि त्याला ती उडी वाटतही नाही, पण बीजगणितात शिरताना नवीन काय आहे असं मला कुणी विचारलं तर मी हीच जागा दाखवीन. इतके दिवस जी सोय होती तिची आता गरज झाली. अशी मुलं हुशार असतात आणि म्हणूनच त्यांना ही जागा दिसत नाही, जी मुलं इथे अडतात त्यांना ती लगेच दिसते (मी शिकवते तेव्हा अडलेल्या मुलाला हे समजावणं मला नेहमी जास्त सोपं गेलंय).

आता नावांची गडबड. ही अगदी कॉमन आहे आणि खरं सांगायचं तर आपल्या मराठी नावांमध्येच उत्तर लिहिलेलं आहे, फक्त आपण ती नावं मंत्रासारखी म्हणतो, ऐकत नाही. क्रमनिरपेक्षता म्हणजे क्रमाची अपेक्षा नाही, कोण आधी कोण नंतर याने फरक पडत नाही, ५ + क्ष म्हणा नाहीतर क्ष + ५ म्हणा. साहचर्य हा शब्द सहचर वरून, सोबती. कोण कोणाच्या सोबतीने आधी जाणार, एवढाच त्याचा विषय. त्यामुळे त्याला दोनच प्रश्न शिकवा, या पायरीत कुणाची जागा बदलली का, आणि कंस हलला का. जागा बदलली तर क्रमनिरपेक्षता, कंस हलला तर साहचर्य. दोन्ही एकदम झाल्यासारखं वाटलं तर मधली एक पायरी गाळली गेलीय असं समजायचं. उदाहरण घेऊन बघा:

(४क्ष + ९) + (३क्ष + ६)
= ४क्ष + (९ + ३क्ष) + ६ … कंस हलला, साहचर्य
= ४क्ष + (३क्ष + ९) + ६ … जागा बदलली, क्रमनिरपेक्षता
= (४क्ष + ३क्ष) + (९ + ६) … परत कंस हलला, साहचर्य
= ७क्ष + १५

(शेवटी ४क्ष आणि ३क्ष मिळून ७क्ष झाले ते वितरण गुणधर्मामुळे, (४ + ३) × क्ष, पण ते सध्या बाजूला ठेवा, एका वेळी तिन्ही नावं डोक्यात कोंबू नका.) आपण मोठी माणसं हे सगळं ‘सरूप पदं एकत्र करा’ अशा एका वाक्यात उरकतो. त्या एका वाक्याच्या आत ही तीन पावलं दडलेली आहेत आणि तिन्ही चालतात कारण मधे सगळीकडे अधिक आहे.

सगळीकडे अधिक आहे, हे पक्कं धरून ठेवा, आता आपण तुमच्या त्या ओळीकडे येतोय.

आधी मुलाचा दावा तपासू. कंस कुठेही ठेवा उत्तर तेच, हे ‘कुणालाही कळतं’ ना? मग त्याला सरासरी काढायला सांगा. २ आणि ४ ची सरासरी ३, मग त्या ३ ची आणि ८ ची सरासरी साडेपाच. आता कंस हलवा, म्हणजे आधी ४ आणि ८ ची सरासरी, ६, मग २ आणि ६ ची, ४. एकदा साडेपाच, एकदा ४, आणि तिन्ही संख्यांची खरी सरासरी तर १४ भागिले ३, दोन्हींपेक्षा वेगळी. गंमत म्हणजे दोन संख्यांच्या सरासरीत क्रमाने काही बिघडत नाही, २ आणि ४ घ्या नाहीतर ४ आणि २, उत्तर ३ च. म्हणजे क्रमनिरपेक्षता आहे पण साहचर्य नाही. या दोन गोष्टी खरंच वेगळ्या आहेत हे दाखवायला मला याहून सोपं उदाहरण माहीत नाही, आणि करायच्या आधी त्याच्याकडून अंदाज वदवून घ्या, दोन्ही उत्तरं सारखी येतील की नाही. सारखीच येणार म्हणाला आणि आली नाहीत की पुढचं तो स्वतःच विचारेल.

आता वजाबाकी. (२० − ५) − ३ म्हणजे १२. कंस हलवून २० − (५ − ३) म्हणजे १८. फरक ६. दुसरं घ्या, (३० − १०) − ४ म्हणजे १६, आणि ३० − (१० − ४) म्हणजे २४, फरक ८. पहिल्यात शेवटची संख्या ३ आणि फरक ६, दुसऱ्यात शेवटची ४ आणि फरक ८. दरवेळी शेवटच्या संख्येची दुप्पट. याचं कारण असं की एकीकडे ती संख्या वजा होते आणि दुसरीकडे तीच परत मिळवली जाते, म्हणून दोन उत्तरांत दोनदा तिच्याइतकं अंतर पडतं.

आता तुमच्या मुलाचं उत्तर बघा. २० − (क्ष − ५) चं बरोबर उत्तर २५ − क्ष. त्याने लिहिलं १५ − क्ष. फरक १०, म्हणजे ५ ची दुप्पट. त्याने काय केलं असणार ते यावरून कळतं, त्याने कंस नाहीच असं धरून २० − क्ष − ५ केलं. बेरजेत कंस काढून टाकायची सवय लागलेली, तिथे ते नेहमी चाललं, इथेही चालेल असं त्याच्या हाताने परस्पर ठरवलं. मला याला निष्काळजीपणा म्हणवत नाही. निष्काळजी चुका कुठेही होतात, आज ७ चे ९ होतील उद्या चिन्ह राहील, आणि ही चूक बरोब्बर तिथे होते जिथे साहचर्य लागू नाही. ज्याला एखाद्या गोष्टीचं नावच नकोय त्याला ती कुठे नसते हे बघायची सवय कशी लागणार? तो म्हणतो ‘हे तर कुणालाही कळतं’, आणि मला वाटतं त्याच्यासाठी तिथेच घोळ होतोय, कारण त्याच्या मनात हा बेरजेचा गुण नाहीये, तो कंसाचाच स्वभाव आहे, की कंस असला काय नसला काय सारखंच.

इथे बऱ्याच घरांत एक नियम पाठ करून घेतात, कंसाबाहेर वजा असेल तर आतली चिन्हं बदलतात. नियम खरा आहे, पण नुसता पाठ केलेला चार दिवसांनी उलटा आठवतो. त्याऐवजी असं सांगा, २० मधून क्ष − ५ एवढं काढायचंय, तू अख्खा क्ष काढलास, म्हणजे ५ जास्तीचे काढलेस, ते परत टाक. २० − क्ष + ५. आणि हे त्याला पटलं की मग दुसरी पद्धत दाखवा, वजाबाकी म्हणजे विरुद्ध संख्या मिळवणं. क्ष − ५ म्हणजे क्ष + (−५), त्याची विरुद्ध राशी (−क्ष) + ५, म्हणून सगळं मिळून २० + [(−क्ष) + ५]. आता सगळीकडे अधिक झालं, साहचर्य परत मिळालं, कंस पाहिजे तिकडे न्या. हे एकदा हाताला बसलं ना की पुढच्या वर्गांमधल्या समीकरणांत कितीतरी चुका आपोआप कमी होतात. क्ष च्या जागी एखादी संख्या घालून तपासायची सवयही याच वयात लावा, क्ष = ८ घेतला तर २० − (८ − ५) म्हणजे १७, २५ − ८ पण १७, आणि १५ − ८ मात्र ७. दहा सेकंदांचं काम आहे आणि कुणी लाल रेघ मारायच्या आधी त्याची त्यालाच चूक सापडते.

‘नाव कशाला’ या त्याच्या प्रश्नाचं एक उत्तर इतिहासात पण आहे आणि ते त्याला जरूर सांगा, त्याला बरं वाटेल, कारण त्याचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. माणसं हजारो वर्षं बेरजा करत आली आणि या गुणाला नाव द्यावंसं कुणाला वाटलं नाही. क्रमनिरपेक्षता आणि वितरण यांसाठी युरोपात वापरतात ते शब्द फ्रेंच गणिती सेर्व्हाने १८१४ मध्ये वापरले. साहचर्याचा शब्द आला तो आयरिश गणिती विल्यम हॅमिल्टनकडून, आणि कधी, तर १८४३ मध्ये त्याला क्वाटर्निअन नावाच्या नव्या संख्या सापडल्या त्या सुमारास. त्या संख्यांच्या गुणाकारात क्रम बदलला की उत्तर बदलतं, पण कंस हलवलेला चालतो. त्याच वर्षाच्या शेवटी त्याचा मित्र जॉन ग्रेव्ह्ज याने त्याहून मोठी, आठ घटकांची पद्धत काढली, आणि हॅमिल्टनच्या लक्षात आलं की हिच्या गुणाकारात कंस हलवलेलाही चालत नाही. म्हणजे जोवर सगळीकडे चालत होतं तोवर नावाची गरज नव्हती, कुठेतरी चालेनासं झालं तेव्हा नाव लागलं. तुमच्या मुलाचंही आज नेमकं हेच झालंय, त्याच्यासाठी ते पहिल्यांदा वजाबाकीत चालेनासं झालंय.

कॉम्प्युटरची आवड असेल तर आणखी एक. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत (०.१ + ०.२) + ०.३ टाइप करायला सांगा, उत्तर ०.६००००००००००००००१ येतं. कंस हलवून ०.१ + (०.२ + ०.३) केलं की साधं ०.६. मशीन दशांश अपूर्णांक आत द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून साठवतं आणि तिथे मर्यादित जागेमुळे प्रत्येक बेरजेला थोडं कापतं, म्हणून कोणती बेरीज आधी याने शेवटच्या अंकात फरक पडतो. खरी बेरीज साहचर्य पाळते, मशीनची ही बेरीज पूर्ण पाळत नाही, आणि मोठे हिशोब करणारे प्रोग्रॅमर लोक याची काळजी घेतात. सातवीतल्या मुलाला हे डोळ्यांनी बघायला मिळालं तर ‘कुणालाही कळतं’ हे तो परत म्हणेल असं मला वाटत नाही.

आता तुमचे तीन पर्याय. पाठ करून घेणं, बाबा म्हणतात ते. नावापुरतं हे चालेल, परीक्षेत विचारलंय तर लिहायलाच पाहिजे आणि दोन नावं लक्षात ठेवणं काही फार नाही, पण वजाबाकीतली चूक पाठांतराने जाणार नाही, हे त्यांना वादासारखं न सांगता ती दुपटीची गंमत दाखवून सांगा. सोडून देणं मला पटत नाही, आत्ता तो चांगलं करतोय म्हणूनच, कारण पुढे कंसात कंस आणि बाहेर वजा असली गणितं आली की हीच मुलं अचानक म्हणतात मला गणित जमत नाही. शाळेत जाणं, जरूर जा, पण मार्क मागायला नको. शिक्षकांना एवढंच विचारा की सोप्या रूपाच्या प्रत्येक गणितात कारणं हवीत की जिथे तसं विचारलंय तिथेच. जिथे विचारलंय तिथे मार्क कापले तर ते योग्यच आहे असं मी म्हणेन. न विचारता कापत असतील तर बोलायला हरकत नाही, कारण प्रत्येक ओळीपुढे गुणधर्माचं नाव ही काही जन्मभराची शिक्षा नाही, काही दिवस नीट लिहिलं आणि समजलं की त्याची गरज संपते.

घरी रोज दहा मिनिटं पुरतील. त्याला आधी उत्तर मनातच काढू द्या, त्याचा तो वेग मोडू नका, मग उलट विचारा, हे बारा कुठून आले. तो स्वतःच्या शब्दांत सांगेल, “सात आणि पाच आधी घेतले”. मग म्हणा, हो, सोबत बदललीस, याचं नाव काय? एका रंगाचा पेन फक्त कंसासाठी ठेवा, म्हणजे कंस हललेला दिसतो. पाच गणितांत एक तरी वजाबाकीचं घाला जिथे कंस हलवता येत नाही, आणि ते ओळखलं की शाबासकी द्या, सोडवलं नाही तरी चालेल. गुणाकारही साहचर्य पाळतो, ३ × (४ × क्ष) म्हणजे १२क्ष, भागाकार पाळत नाही, ते त्याला स्वतः तपासू दे.

आणि तुम्हाला मनातून त्याचं पटतं हे लपवू नका, मुलांना ते कळतंच. सरळ म्हणा की मलाही हे उगाचच वाटायचं, चल बघू कुठे मोडतं का. जे पालक नाहीत, स्वतः स्पर्धा परीक्षेसाठी किंवा बऱ्याच वर्षांनी परत बीजगणित उघडून बसलेत, त्यांनाही माझं हेच सांगणं आहे, जुन्या चुकांची वही काढा आणि प्रत्येक चुकलेल्या उत्तराचं बरोबर उत्तराशी अंतर मोजा, ते एखाद्या पदाच्या दुप्पट निघालं तर बहुतेक वजा चिन्हापुढचा कंस पडलेला असतो.

उद्या सुरुवात त्या २० − (क्ष − ५) नेच करा. त्याचं उत्तर आणि बरोबर उत्तर शेजारी शेजारी लिहा, क्ष ला आधी ८ घ्या, मग ११, मग त्याला आवडेल ती संख्या, आणि दरवेळी फरक काढायला सांगा. दरवेळी १० च येईल. का येतो ते तुम्ही सांगू नका, त्याला दोन दिवस लागले तरी लागू देत.